मापाचेही माप

जव्हारच्या बाजारात नागली मापायला एखादी जुनी पायली घेतली आणि तिचे बूड आत दबलेले असले, तर काय होईल? दहा वेळा मापले तरी दहाही मापे सारखीच भरतील. पण दहाही कमी भरतील. मापे एकमेकांशी जुळणे याला आपण सातत्य म्हणू, आणि ती खऱ्या मूल्याशी जुळणे याला अचूकता. पुष्कळदा पहिले दिसले की दुसरेही आहे, असे आपण धरून चालतो.

रक्तातील हिमोग्लोबिनचेच पाहा. पॉर्फिरिनच्या कड्यात लोहाचा अणू बसला की हीम तयार होते. रक्ताचा लाल रंग त्याचाच. गरोदर स्त्रीच्या शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन ७ ग्रॅमांहून कमी असेल, तर तो तीव्र रक्तक्षय होय. मोखाड्याच्या पाड्यावरील एखाद्या स्त्रीचे खरे मूल्य ६.५ असून कागदावर ७.५ उतरले, तर जिला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे, ती गोळ्या घेऊन घरी परतते.

ही चूक शिरते कोठून? साहलीच्या जुन्या पद्धतीत ०.०२ मिलिलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळतात आणि त्याचा तपकिरी रंग काचेच्या नमुन्याशी जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालतात. नमुन्याची काच फिकट असेल, तर पाणी जास्त पडते आणि प्रत्येक आकडा वर चढतो. उलट, बोट दाबून रक्त काढले तर त्यात ऊतकांतील द्रव मिसळून आकडा खाली येतो. डोळ्यांच्या अंदाजाने आकडे मागेपुढे होतात, ते निराळेच. असे विखुरलेले आकडे सरासरीने सावरता येतात. पण फिकट काचेचा दोष शंभर वेळा मोजूनही जात नाही.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमाने डिजिटल हिमोग्लोबिनमापकाचा पुरस्कार केला. त्याने डोळ्यांचा अंदाज गेला, हे खरे. परंतु काही यंत्रांच्या पट्ट्यांना दमट हवा बाधते, आणि जव्हारच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी पुरे होते. म्हणून ज्याचे मूल्य आधीच ठाऊक आहे असा नमुना अधूनमधून यंत्राला दाखवून पाहणे, हाच खरा उपाय.

१९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी या भागाचे कुपोषण महाराष्ट्रापुढे आणले. तेव्हापासून येथील आकड्यांवर आपण पुष्कळ वाद घातला. तो अवश्य घालावा. पण आकडा हाती आला की तो कोणत्या मापाने मोजला आणि ते माप कोणी तपासले, हे आधी विचारावे.