डिस्क बदलण्याआधी लॅपटॉपची तपासणी

लातूरच्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वापरलेला लॅपटॉप घेतला. कुठल्याशा कंपनीतून परत आलेला, पुसून-दुरुस्त करून विकायला ठेवलेला लेनोव्हो थिंकपॅड टी-४८०. यंत्र दणकट, कीबोर्ड उत्तम, किंमत घरच्यांना झेपणारी. तक्रार एकच होती. सकाळी बटण दाबून चहा ठेवला, तर चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असायचे. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती.

‘एसएसडी टाका’ हा सल्ला सगळ्यांनीच दिला आणि तो बरोबरच होता. मैत्रिणीने एक जाहिरात दाखवली: सेकंदाला सात हजार मेगाबाइट. वडील एसटीत चालक. दिवाळीच्या सानुग्रह अनुदानातून त्यांनी पैसे काढून दिले. डिस्क आली, तिच्यासाठी लागणारा अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागला, दुकानात ती बसवली गेली आणि लॅपटॉप खरोखरच पळू लागला. आठवड्याभराने मुलीने सहज वेग मोजला, तर आकडा सोळाशेच्या आसपास. सात हजारांचे पैसे घेऊन सोळाशेचा माल दिला, असे म्हणत वडील दुकानाकडे निघाले.

दुकानदाराने फसवले नव्हते. डिस्क अस्सल होती आणि धडधाकट होती. मदरबोर्डपासून त्या डिस्कपर्यंत येणारा रस्ताच दोन पदरी होता आणि डिस्क चार पदरी महामार्गासाठी बनवलेली होती.

हा रस्ता म्हणजे पीसीआयई. त्याच्या प्रत्येक पदराला ‘लेन’ म्हणतात. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला जवळजवळ एक हजार मेगाबाइट माहिती जाते, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट, पाचव्यात चौपट. आजच्या वेगवान एसएसडी चार लेन मागतात. म्हणून तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर प्रत्यक्ष वेग साडेतीन हजारांपर्यंत मिळतो, चौथ्या पिढीच्या चार लेनवर सात हजारांपर्यंत. टी-४८० हे २०१८ सालचे मॉडेल. त्याच्या जाहीर तपशीलपत्रकात डिस्कसाठी तिसऱ्या पिढीच्या दोनच लेन लिहिलेल्या आहेत. कागदावर दोन हजार, व्यवहारात सोळा-सतराशे. गंमत अशी की त्याच वर्षी आलेल्या टी-४८०एस या जुळ्या भावाला चार लेन आहेत. नावात एका अक्षराचा फरक, रस्त्यात दुपटीचा. म्हणूनच ‘माझ्याकडे थिंकपॅड आहे, चालेल ना?’ या प्रश्नाला उत्तर नसते. नुसते ‘पोटात दुखते’ एवढ्यावर औषध लिहून देता येत नाही, तसेच हे. पूर्ण मॉडेल क्रमांक लागतो. तो लॅपटॉपच्या तळाच्या पट्टीवर असतो, किंवा विंडोजच्या शोधपट्टीत ‘एमएसइन्फो३२’ टाकले की समोर येतो.

मग मुलीला फरक जाणवला तो कशामुळे? याचे उत्तर जाहिरातीत कधीच नसते. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची चकती सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली इकडूनतिकडून गोळा होतात आणि प्रत्येक फायलीमागे ही वाट पाहणे असते. एसएसडीत काहीच फिरत नाही. ती फ्लॅश स्मृतीवर चालते, जी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. तिथे वाट पाहण्याचा काळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. चहाचा वेळ वाचतो तो इथे. सेकंदाला किती हजार मेगाबाइट, हा आकडा एखादी प्रचंड फाइल सलग एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतानाच उपयोगी पडतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला तो कळेल. प्रबंध टाइप करणाऱ्याला सोळाशे आणि सात हजार यांतला फरक डोळ्यांना दिसणार नाही. हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली, जिचा वेग साडेपाचशेच्या पुढे जात नाही, तरी पुनर्जन्म झाल्यासारखे वाटते. त्यापुढची प्रत्येक उडी खिशाला जास्त आणि अनुभवाला कमी.

जागेचा आकार फार फसवतो. पातळ च्युइंगमच्या पट्टीसारख्या डिस्क ज्या खाचेत बसतात तिला एम.२ म्हणतात. हे फक्त आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. त्याच खाचेत साटा पद्धतीची डिस्कही बसते आणि पीसीआयईवर चालणारी एनव्हीएमई डिस्कही. काही लॅपटॉपच्या खाचेत दोन्ही चालतात, काहींत एकच. रक्ताच्या दोन पिशव्या दिसायला सारख्याच असतात, गट वेगळा असतो. डिस्क आत सरकली, स्क्रू बसला, म्हणजे जुळली असे नाही. नुसत्या साटाची खाच असेल तर एनव्हीएमई डिस्क तिथे दिसणारच नाही. शिवाय लांबीचा प्रश्न आहे: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब, २२३० म्हणजे ३०. छोट्या यंत्रात ८०ची पट्टी मावत नाही आणि अगदी सडपातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेली जाड डिस्क झाकणाला लागते.

काही लॅपटॉपमध्ये तर बदलण्यासारखे काहीच नसते. स्वस्त यंत्रांतली ईएमएमसी साठवण मदरबोर्डवर पक्की सोल्डर केलेली असते. अ‍ॅपलच्या गेल्या काही वर्षांतल्या मॅकबुकमध्येही साठवण बोर्डालाच जडलेली असते. तिथे विकत घेतानाच काय तो विचार करायचा. दुसऱ्या टोकाला २०१४च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप. त्यांचे बायोस एनव्हीएमई डिस्कवरून सुरूच होऊ शकत नाही. त्यांना अडीच इंची साटा एसएसडी हाच उतारा.

तपासणीचा सोपा मार्ग असा. लॅपटॉपमध्ये आधीच एनव्हीएमई डिस्क असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम उघडावा. ‘ट्रान्सफर मोड’समोर दोन नोंदी दिसतात. डावीकडे डिस्क आत्ता कोणत्या रस्त्यावर चालली आहे ते, उजवीकडे तिला किती जमते ते. लातूरच्या त्या लॅपटॉपवर डावीकडे ‘पीसीआयई ३.० एक्स२’ आणि उजवीकडे ‘पीसीआयई ४.० एक्स४’ होते. साऱ्या भांडणाचे निदान त्या एका ओळीत होते. आत साटा डिस्क असेल तर मात्र ही ओळ रिकाम्या खाचेविषयी काही सांगत नाही. मग कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे तपशीलपत्रक आणि दुरुस्ती-पुस्तिका बघण्याला पर्याय नाही. प्रोसेसरवरूनही अंदाज येतो. इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरमध्ये चौथ्या पिढीचा पीसीआयई आला तो २०२०च्या अकराव्या पिढीपासून, एएमडीच्या रायझनमध्ये २०२२च्या ६००० मालिकेपासून. त्याआधीच्या यंत्रात चौथ्या पिढीची डिस्क चालते, पण तिसरीच्या वेगाने.

त्याच प्रोग्रॅममध्ये डिस्कच्या तब्येतीचाही अहवाल असतो आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. चौकट निळी असेल तर ठीक. पिवळी होऊन ‘कॉशन’ म्हणत असेल तर डिस्कवरचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत किंवा बदलावे लागले आहेत. अशा आजारी डिस्कची थेट नक्कल करायला घेणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिना चढायला लावणे. या मुलीची जुनी हार्ड डिस्क पिवळीच होती. दुकानातल्या पोराने न बघता क्लोनिंग सुरू केले आणि ते अर्ध्यात अडकले. दीड वर्षाच्या प्रयोगांची मोजमापे त्या डिस्कवर होती. आदल्या रात्री वडिलांनी ‘गाडी वर्कशॉपला देताना आपले सामान काढून घ्यावं’ असे म्हटले म्हणून तिने सारे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले होते. दुकानाने मग नव्या डिस्कवर विंडोज कोरे बसवून दिले.

दुसरा धोका कुलपाचा. अलीकडच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. डिस्क हलवली किंवा बायोसमधले काही बदलले की पडदा निळा होतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, पण ते खाते लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराने उघडून दिलेले आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही, असेही होते. म्हणून की आधी कागदावर उतरवून घ्यावी, यंत्र उघडायचे ते नंतर. झाकण काढण्यापूर्वी बॅटरीचा प्रवाहही तोडायला हवा. टी-४८०सारख्या थिंकपॅडमध्ये आतली बॅटरी बायोसमधूनच बंद करता येते.

खर्च करण्याआधी आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे: या यंत्राचे आयुष्य किती उरले? विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. मुलीच्या टी-४८०मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर होता, काठावर पास. सातव्या पिढीच्या यंत्रात महागडी डिस्क घालण्यात अर्थ नव्हता. रॅम चारच जीबी असेल तर आधी तीच वाढवावी.

दुकानात वडिलांना पटायला वेळ लागला नाही. दोन पदरी रस्त्यावर गाडीचे इंजिन कितीही दमदार असून काय होते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. डिस्क परत करायची का, असे दुकानदाराने विचारले तेव्हा मुलीनेच नको म्हटले. पुढेमागे चार पदरी लॅपटॉप घेतला की हीच डिस्क त्यात बसेल. जुनी हार्ड डिस्क ‘मरणपंथाला’ असे चिठ्ठीवर लिहून कपाटात गेली, आणि प्रबंधाची प्रत आता दोन पेनड्राइव्हवर आहे. त्यातला एक वडिलांच्या एसटीच्या बॅगेत असतो.