अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी

बाजार समितीच्या आवारात माल उतरला की शेतकऱ्याचा संबंध प्रथम येतो तो अडत्याशी. लिलाव, तोलाई व पट्टी ही सर्व कामे त्याच्याच गाळ्यावर होत असल्याने आपण माल अडत्यालाच विकतो, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज चुकीचा असून तो शेतकऱ्याला महागात पडतो. अडत घेऊन दुसऱ्याचा माल विकणारा इसम हा त्या मालाचा खरेदीदार नव्हे. तो मालधन्याचा प्रतिनिधी होय. भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात असून त्याच्या दहाव्या प्रकरणात अशा प्रतिनिधीची कर्तव्ये सांगितली आहेत. हे नाते जुळण्यास लेखी करारपत्रच पाहिजे असे नाही. माल विकण्यासाठी सोपविला व त्याने तो स्वीकारला, एवढे पुरेसे होते.

धन्याच्या सूचनेप्रमाणे, आणि सूचना नसल्यास पेठेच्या रिवाजाप्रमाणे वागणे हे प्रतिनिधीचे पहिले कर्तव्य होय (कलम २११). समजा, कांदा क्विंटलला १,५०० रुपयांखाली देऊ नये असे बजावले असता अडत्याने तो १,३०० रुपयांस दिला. खरेदीदारास ही अट ठाऊक नसेल तर सौदा कायम राहतो व शेतकऱ्यास तो मोडता येत नाही. त्यामुळे झालेले नुकसान मात्र अडत्याने भरून द्यावयाचे असते. तोंडी सूचना पुढे सिद्ध करणे कठीण जाते. ती चिठ्ठीवर लिहून प्रत जवळ ठेवलेली बरी.

उधारीचेही तसेच आहे. उधार विकण्याची मुभा असली तरी खरेदीदाराच्या ऐपतीची नेहमीची चौकशी न करता माल दिला आणि तो दिवाळखोर निघाला, तर तोटा अडत्याच्या माथी येतो.

कित्येक अडते स्वतः व्यापारही करतात. तो करण्यास हरकत नाही; पण धन्याला न कळविता त्याचाच माल भाच्याच्या नावाने घेऊन पुढे चढ्या भावाने विकला, तर त्यातील नफा शेतकऱ्यास मागता येतो (कलम २१६). मागणी केल्यावर हिशेब दाखविणे हेही अडत्याचे कर्तव्यच आहे, मेहेरबानी नव्हे. २०१६ साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. अडत कोणी दिली यापेक्षा माल कोणाच्या वतीने विकला हे महत्त्वाचे असल्याने, शेतकऱ्याच्या वतीने विकणाऱ्याची ही जबाबदारी तेवढ्याने सुटत नाही.

आता उचलीचा प्रश्न. खरी अडचण येथेच उद्भवते. एरवी विक्री होण्यापूर्वी प्रतिनिधीचा अधिकार काढून घेऊन माल दुसऱ्या गाळ्यावर नेण्यास धनी मोकळा असतो. परंतु कलम २०२ मध्ये एक अपवाद असून त्याचे उदाहरण कापसाचेच आहे. एकाने दुसऱ्याकडे १,००० गाठी पाठविल्या. दुसऱ्याने त्या गाठींवर आगाऊ रक्कम दिलेली होती आणि गाठी विकून त्या पैशातून ती वळती करून घ्यावी असे ठरले. अशा वेळी पहिल्यास दिलेला अधिकार परत घेता येत नाही. पेरणीच्या दिवसांत येणाऱ्या मालावर उचल घेणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती तंतोतंत हीच होऊ शकते. भाव पडलेला असो, शेजारच्या पेठेत तेजी असो, माल त्याच गाळ्यावर अडकतो.

हा अपवाद लागण्यास प्रतिनिधीचा त्या मालातच हितसंबंध असावा लागतो. अडत मिळण्याची आशा हा असा हितसंबंध नव्हे. घरकार्यासाठी घेतलेले हातउसने पैसेही, मालाशी त्यांची सांगड घातलेली नसल्यास, या अपवादात बसत नाहीत. ते फेडावयाचे असतात हे खरे, पण त्यांपायी माल त्याच अडत्याकडून विकण्याचे बंधन या कलमाने येत नाही. व्यवहारात दोन्ही रकमा एकाच खात्यावर मांडल्या जातात आणि मग वाद पडतो. म्हणून उचल घेतानाच ती कोणत्या पिकावर, किती व कोणत्या तारखेस घेतली हे कागदावर लिहून घ्यावे, आणि जुनी बाकी वेगळ्या पानावर मांडण्यास अडत्यास सांगावे.