चतुर्थीची गाडी

गणपतीच्या आधीचे चार दिवस ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकात पाय ठेवायला जागा नसते. कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या, मखराचं सामान, पोरांची रडारड आणि ‘गाडी लागली का?’ हा एकच प्रश्न. या चतुर्थीच्या गाड्यांचं चतुर्थीशी आणखी एक नातं आहे. ते पंचांगात नाही, व्याकरणात सापडतं.

‘बस’ हा मुळात शब्दच नव्हे, नुसता प्रत्यय. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याच्या चतुर्थी विभक्तीचं बहुवचन ‘ओम्निबुस’, सर्वांसाठी. शाळेत ‘देवाय देवाभ्याम् देवेभ्यः’ घोकलेल्यांनी ‘सर्वेभ्यः’ समजावं. त्यातला ‘बुस’ आणि आपला ‘भ्यः’ हे भाषाशास्त्राच्या हिशेबाने भाऊबंदच. १८२० च्या दशकात फ्रान्सच्या नांत शहरात स्तानिस्लास बोद्रीने पैसे देईल त्याला बसवून घेणारी घोडागाडी काढली आणि हे नाव रूढ झालं. १८२९ मध्ये शिलिबियरने तशी गाडी लंडनमध्ये सुरू केली. पुढे इंग्रजांनी अर्थाचा भाग टाकून शेपूट तेवढं ठेवलं. आपण ‘सर्वेभ्यः’मधलं ‘सर्व’ गाळून ‘पळा, भ्यः आली!’ म्हणावं, तशातलाच प्रकार.

गंमत अशी की हाच शब्द वीजवाल्यांनीही उचलला. ठाण्याच्याच वागळे इस्टेटमध्ये एखाद्या विजेच्या पॅनलचं दार उघडून पाहा. आत तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, त्यांवर लाल, पिवळी, निळी स्लीव्ह. हा बसबार. वीज एका बाजूने येते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळे आपापला फाटा त्याच पट्टीवरून घेतात. प्रत्येकासाठी मुळापासून वेगळी केबल ओढावी लागत नाही. करंट प्रवाशासारखा बसून जातो म्हणून हे नाव पडलं, असं भले भले सांगतात. तसं नाही. ही सगळ्यांची सामाईक पट्टी, म्हणून ‘ओम्निबस बार’. प्रवासी नव्हे, इथेही चतुर्थीच.

कॉम्प्युटरने तोच अर्थ घेतला: अनेक भागांनी मिळून वापरायच्या तारा म्हणजे बस. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीतला शेवटचा ‘बी’ तोच. २०२३ पासून ठाणे-पुणे धावणाऱ्या ई-शिवनेरीसारख्या विजेच्या गाडीत तर कहरच. बॅटरीतले सेल जोडायला बसबार, निरनिराळ्या यंत्रणांना एकमेकींशी बोलायला बॉशने १९८६ मध्ये आणलेली कॅन बस, आणि मोबाइल चार्जिंगला यूएसबी. एका बसमध्ये तीन बस!

आपण मात्र ‘बस’ म्हणतोच कुठे? १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून महाराष्ट्रात ती ‘एसटी’. त्यातला ‘एस’ कशाचा, हे खोपटच्या फलाटावरच्या आजींना विचारायला जाऊ नये. चिपळूणच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायच्या घाईत असतात त्या.