तिखाडीचे तेल आणि जनुकबदल

यवतमाळ जिल्ह्यातील रानांत, डोंगरउतारांवर तिखाडी उगवते. हिलाच रोशा गवत म्हणतात. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून त्याचे तेल काढले जाते. पूर्वी विदर्भ-खानदेशातील हे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई.

तिखाडीचे दोन प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारांवर वाढते. सोफियाला दमट, दाट जागा मानवते. दिसायला दोन्ही सारख्याच. खरा फरक तेलात. मोतियाच्या तेलात सुमारे 75 ते 90 टक्के जिरॅनिऑल असते, म्हणून त्याला गुलाबासारखा वास येतो. सोफियात जिरॅनिऑल कमी असून तेलाचा वास उग्र असतो आणि त्याला भावही कमी मिळतो.

हा फरक विकरांमुळे पडतो. वनस्पतीच्या पेशीत जिरॅनिल डायफॉस्फेट नावाचे संयुग बनते. एक विकर त्याचे जिरॅनिऑल करते, तर दुसरे लिमोनीन. कोणते विकर किती बनेल, हे जनुकांवर ठरते. त्यामुळे एखादे जनुक घातले, वाढवले किंवा दडपले, तर तेलाची घडण बदलते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 2001 साली पेपरमिंटवर हे करून पाहण्यात आले. एका जनुकाचे कार्य वाढवल्यावर काही रोपांत तेल 50 टक्क्यांपर्यंत वाढले. दुसरे दडपल्यावर मेंथोफ्युरान हा नको असलेला घटक घटला. इस्रायलमधील संशोधकांनी 2007 साली तुळशीच्या एका जातीतील जिरॅनिऑलचे जनुक टोमॅटोत घातले. फळाला सुगंध आला, पण लायकोपिन घटून लाली फिकी पडली. कारण दोन्ही द्रव्यांची कच्ची सामग्री एकच.

बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, तेव्हापासून यवतमाळचा शेतकरी जनुकबदल केलेले बियाणे ओळखतो. सुगंधी पिकांत मात्र असे एकही वाण भारतात लागवडीसाठी मंजूर नाही. तिखाडीचे परागकण वाऱ्याने पसरतात, त्यामुळे घातलेले जनुक रानातल्या गवतात शिरण्याचा धोका राहतो. परके जनुक न घालता केलेल्या काही जनुक-संपादनांना 2022 साली केंद्राने नियमांत सवलत दिली आहे. सध्या शेतकऱ्यांसाठी लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेची तृष्णा, तृप्ता, पीआरसी-1 ही वाणे आहेत. ती निवड व पैदास या जुन्या मार्गानेच तयार झालेली आहेत.