जिल्ह्याची हद्द आणि शेतकऱ्याचे पाणी : ठाणे जिल्ह्याचा दाखला



जिल्हा-विभाजनाची चर्चा निघाली की गटातले सभासद आम्हास हमखास विचारतात, "साहेब, जिल्हा बदलला तर आपला सातबारा बदलतो का?" गट नंबर बदलत नाही, जिल्ह्या-तालुक्याचे नाव तेवढे बदलते. खरा फरक कुठे पडतो, हे घाटाखालच्या ठाणे जिल्ह्यावरून नीट समजते.

हा जिल्हा पूर्वी फार मोठा. १८६९ साली कुलाबा स्वतंत्र झाला, १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निघाला, १९४९ साली जव्हार संस्थान उलट आत आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. आता ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर व अंबरनाथ हे सात तालुके उरले.

पाऊस तिथे सुमारे अडीच हजार मिलिमीटर. आपल्याकडच्या माणसाला हेवाच वाटावा! पण सह्याद्रीचा उतार तीव्र, खाली काळा कातळ. चार महिने धो धो पडलेले पाणी उल्हास, काळू, भातसा या नद्यांतून खाडीला जाते. म्हणून भात हेच मुख्य पीक, ऊस रसवंतीपुरता. पाणी अडवले नाही असे नाही. तानसा धरण १८९२ चे, पुढे मोडकसागर, भातसा झाले. पण हे पाणी मुख्यतः मुंबईच्या नळाला जाते, आणि शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण आपल्या जिल्ह्यात आहे म्हणजे पाणी आपले, असे समजून कोणी बसू नये.

आता ठाकुर्ली पाहा. कल्याण आणि डोंबिवली यांच्या मधले हे स्टेशन, शेजारी चोळे गाव. रेल्वे १८५४ साली कल्याणला पोचली. विजेच्या गाड्यांसाठी १९२९ साली ठाकुर्लीला नदीकाठी कोळशावरचे वीजघर उभे राहिले. ते १९८० च्या दशकात बंद पडले. तोवर भोवती वस्ती दाटली होती. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली आणि आसपासची खेडी तिच्यात गेली. त्यातली २७ गावे २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. जिल्हा तोच, तालुका तोच. पण घरपट्टी कोणी घ्यायची, बांधकामाला परवानगी कोणी द्यायची, रानावर आरक्षण कोणी टाकायचे, हे दर वेळी बदलले. गावकरी एकदा ग्रामपंचायतीत, एकदा महापालिकेत हेलपाटे घालीत राहिले.

आपल्या कारखान्याचे कार्यक्षेत्र पोटनियमात गावांच्या नावांनिशी दिलेले असते. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून ते आपोआप बदलत नाही. मात्र आपले गाव नगरपालिकेच्या हद्दीत घेण्याची अधिसूचना निघाली, तर हरकतीची मुदत तीत दिलेली असते. ती चावडीवर लागते तेव्हाच वाचावी, आणि अडचण वाटल्यास गट कार्यालयात आमच्याकडे यावे.