पूर्वीच्या सेवादात्याने मागे ठेवलेले निकृष्ट बॅकलिंक : स्वरूप, परिणाम व उपाय

प्रस्तावना :

एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेणाऱ्या दुव्यास त्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या दृष्टीने 'बॅकलिंक' असे म्हणतात. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या व १९९८ मध्ये मांडलेल्या 'पेजरँक' पद्धतीत या दुव्यांना मूलभूत स्थान मिळाले. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख किती आणि कोणते अभ्यासक करतात यावरून जसे त्याचे महत्त्व ठरते, तसेच संकेतस्थळाचे महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरविणे, हे या पद्धतीचे सूत्र होय. दुवा म्हणजे शिफारस. परंतु शिफारशीला मोल आले की ती विकणारेही निर्माण होतात. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन अर्थात एस.ई.ओ. या व्यवसायातील काहींनी हाच मार्ग पत्करला. सेवादात्याशी झालेला करार संपतो. त्याने पेरलेले दुवे मात्र संपत नाहीत. सातबारा उताऱ्यावरील जुना बोजा जसा जमिनीच्या नव्या धारकाला निस्तरावा लागतो, तसेच हे दुवे संकेतस्थळाच्या मालकाला निस्तरावे लागतात.

उद्दिष्टे :

१) निकृष्ट बॅकलिंकचे स्वरूप समजून घेणे.
२) त्यांविषयी शोधयंत्राचे धोरण कसे बदलत गेले हे पाहणे.
३) त्यांच्या निराकरणाची क्रमबद्ध पद्धत व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.

निकृष्ट बॅकलिंकचे स्वरूप :

केवळ शोधयंत्रातील क्रमांक वाढविण्यासाठी निर्माण केलेले दुवे या वर्गात मोडतात. विकत घेतलेले दुवे, परस्परांना दुवे देण्याकरिताच उभारलेल्या संकेतस्थळांची जाळी, निरुपयोगी सूचिस्थळांवरील नोंदी व संगणकाकरवी सर्वत्र टाकलेले अभिप्राय ही त्यांची प्रमुख रूपे होत. अनेक असंबद्ध स्थळांवरून एकाच विक्रीयोग्य शब्दसमूहावर दुवा दिलेला असणे, ही त्यांची ठळक खूण आहे. जाहिरातीचा दुवा देणे मात्र मुळातच निषिद्ध नाही. अशा दुव्यास २००५ पासून 'नोफॉलो' व २०१९ पासून 'स्पॉन्सर्ड' हे चिन्ह जोडण्याची सोय असून, तसे केल्यास नियमभंग होत नाही.

एक उदाहरण :

फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रेत्या कंपनीविषयी वृत्तांत प्रसिद्ध केला. कपडे, अंथरुणे, गालिचे अशा सर्वसामान्य शब्दांच्या शोधातही ही कंपनी अग्रस्थानी येत होती आणि त्यामागे असंबद्ध स्थळांवरील हजारो दुवे होते. गूगलने कारवाई करताच प्रवासी बॅगांच्या एका शोधात कंपनीचे स्थान अवघ्या दोन तासांत पहिल्यावरून एकाहत्तराव्या क्रमांकावर गेले. आपण हे दुवे देण्यास संमती दिली नव्हती, असे सांगून कंपनीने आपल्या एस.ई.ओ. सेवादात्याशी संबंध तोडले. तथापि शिक्षा झाली ती कंपनीच्याच संकेतस्थळाला. दुवे कोणी पेरले यापेक्षा त्यांचा लाभ कोणाला झाला, हेच शोधयंत्र पाहते.

धोरणातील बदल :

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने 'पेंग्विन' ही प्रणाली लागू केली. तिचा परिणाम सुमारे ३.१ टक्के इंग्रजी शोधांवर होईल असे सांगण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याचे 'डिसअव्हाउ' साधन उपलब्ध झाले. मात्र पेंग्विनचे परिणाम ठरावीक आवृत्तीबरोबरच बदलत असत. ऑक्टोबर २०१४ नंतरची आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली. म्हणजे चूक सुधारलेल्यांनाही जवळजवळ दोन वर्षे तिष्ठत राहावे लागले. २०१६ पासून ही प्रणाली मुख्य गणनपद्धतीचा भाग बनली. तेव्हापासून बहुतांश निकृष्ट दुव्यांकरिता शिक्षा न करता त्यांचे मूल्यच शून्य धरण्यावर भर आहे. मानवी परीक्षकाकडून होणारी 'मॅन्युअल ॲक्शन' मात्र कायम आहे.

निराकरणाची पद्धत :

१) प्रथम 'सर्च कन्सोल'मध्ये मॅन्युअल ॲक्शनची नोंद आहे काय, हे पाहावे. जुन्या सेवादात्याचे प्रवेशाधिकार काढून घ्यावेत. त्याने पूर्वी नकारसूची दाखल केली असल्यास तीही तपासावी.

२) सर्च कन्सोलमधून दुव्यांची यादी उतरवून घ्यावी. जुन्या सेवादात्याकडील कामाचे अहवाल मिळाल्यास ते पडताळणीस अत्यंत उपयुक्त ठरतात.

३) दुव्यांची वर्गवारी करावी. अपरिचित किंवा लहान संकेतस्थळ म्हणजे निकृष्ट संकेतस्थळ नव्हे. एखाद्या ग्राहकाने आपणहून दिलेला दुवा साधा दिसला तरी तो अस्सल असतो.

४) मॅन्युअल ॲक्शन असल्यास संबंधित स्थळचालकांना दुवा काढण्याची विनंती करावी व पत्रव्यवहाराची नोंद ठेवावी. न निघालेल्या दुव्यांची साध्या मजकूर-फाइलमध्ये नकारसूची करावी. प्रत्येक ओळीत एकच पान किंवा एकच संपूर्ण डोमेन द्यावे. नवी सूची जुन्या सूचीची जागा घेते. म्हणून जुन्यातील आवश्यक नोंदी नव्या सूचीत समाविष्ट कराव्यात.

५) त्यानंतर काय घडले, कोणते दुवे काढले व कोणते नाकारले, याचा प्रामाणिक तपशील देऊन पुनर्विचाराचा अर्ज करावा. दुवे काढण्याचा प्रयत्न न करता केवळ नकारसूची दाखल करणे पुरेसे मानले जात नाही.

मर्यादा :

निकृष्ट दुवे पुष्कळ असतील आणि त्यांमुळे मॅन्युअल ॲक्शन झाली असेल किंवा होण्याचा संभव असेल, तरच नकारसूची वापरावी, असा गूगलचा सल्ला आहे. बहुसंख्य संकेतस्थळांना तिची गरज नसते. भीतीपोटी सरसकट दुवे नाकारल्यास चांगल्या शिफारशीही गमावल्या जातात आणि रोगापेक्षा औषध भारी ठरते. दुसरे असे की, शिक्षा उठली तरी पूर्वीचे स्थान परत मिळेलच असे नाही. ते स्थान मुळात कृत्रिम दुव्यांनी मिळवून दिलेले असेल, तर त्यांच्यासोबत तेही जाते. घसरणीचे कारण दुवेच आहेत काय, की मजकुराची गुणवत्ता वा तांत्रिक दोष, याचीही खातरजमा आधी करणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :

निकृष्ट बॅकलिंकचा प्रश्न तांत्रिक दिसत असला तरी त्याच्या मुळाशी उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. काम दुसऱ्याकडे सोपविता येते, जबाबदारी सोपविता येत नाही. म्हणून सेवादाता नेमतानाच दुवे कोठून व कशा रीतीने मिळविले जाणार हे विचारणे, केलेल्या कामाची यादी करारान्वये मागणे आणि सर्च कन्सोलची मालकी स्वतःकडे ठेवणे आवश्यक आहे. झालेल्या नुकसानीवर उपाय करताना घाईपेक्षा तपासणी व नोंदी महत्त्वाच्या ठरतात. विकत घेतलेली शिफारस केव्हाही निरर्थक ठरू शकते. उपयुक्त मजकुरामुळे लाभलेली शिफारस सेवादाता बदलल्यानंतरही टिकून राहते.