दुसऱ्या वर्षाची सुट्टी आणि गर्डरचा कारखाना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कारखान्यात किंवा बांधकामावर पहिल्यांदा कधी जावे, याचे रूढ उत्तर ‘तिसऱ्या वर्षी’ असे आहे. ते अभ्यासक्रमातून आले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपचे चार क्रेडिट सहाव्या सत्रात ठेवले होते, म्हणून बहुतेक मुले त्या सत्राच्या तोंडावर धावपळ सुरू करत आली आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे धोरण मात्र दुसऱ्या सत्रानंतरच्या सुट्टीपासूनच सुरुवात करते. तेव्हा तीन-चार आठवडे, चौथ्या आणि सहाव्या सत्रानंतर चार ते सहा आठवडे, आणि पदवीपर्यंत सगळे मिळून सुमारे सहाशे ते सातशे तास. तंत्रनिकेतनांच्या ‘आय’ स्कीममध्ये चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण अभ्यासक्रमातच होते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले वर्कशॉपमध्ये कमी बिचकतात, त्याचे एक कारण हेही आहे.

लवकर जाण्याचा संबंध नेहमी नोकरीशी लावला जातो. त्याहून मोठा लाभ पुढच्या अभ्यासाला होतो. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी तुळईवरच्या भाराची गणिते सोडवतो, बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढतो, परीक्षेत गुणही मिळवतो. पण ती तुळई त्याने पाहिलेली नसते. ती पाहून तो तिसऱ्या वर्षात बसला, तर त्याच तासाला तो वेगळे प्रश्न विचारतो. सातव्या सत्रात, विषय संपत आल्यावर, पाहिलेल्या कारखान्याचा हा उपयोग उरत नाही.

मनमाडच्या विद्यार्थ्याला यासाठी दूर पाहावे लागत नाही. जंक्शनच्या या गावात मध्य रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना ब्रिटिश काळापासून आहे आणि रेल्वेपुलांचे पोलादी गर्डर तिथे बनतात. गर्डरच्या कामात पोलादाची प्लेट आखून कापली जाते आणि जिग लावून भोके पाडली जातात, कारण शेकडो किलोमीटर दूरच्या नदीवर जोडणी करताना भोकाशी भोक जुळले नाही तर सगळे काम अडते. पुढे रिव्हेट किंवा वेल्डिंग. वेल्डच्या आत पोकळी राहिली आहे का, हे अल्ट्रासॉनिक तपासणीत कळते. गंजू नये म्हणून पृष्ठभाग वाळूच्या किंवा खड्याच्या माऱ्याने साफ करून त्यावर धातूचा थर फवारतात, मग रंग. मोठ्या जाळीदार गर्डरची कारखान्यातच एकदा पूर्ण जुळणी करून पाहतात, प्रत्येक भागावर खूण करतात, पुन्हा सुटे करतात आणि मगच रवाना करतात.

यातल्या प्रत्येक पायरीशी पाठ्यपुस्तकातले एखादे प्रकरण जोडलेले आहे. प्लेट गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्ट्या जाड आणि मधला पडदा पातळ का, हे ताणाचे गणित आहे. त्या पातळ पडद्याला ठरावीक अंतरावर उभ्या पट्ट्या का लागतात, हे बकलिंगचे. जाळीदार गर्डरला बनवतानाच किंचित वर उचललेला बाक देतात. गाडीचा भार आला की तो बाक उतरतो आणि रूळ सपाट राहतो. वर्गात कॅम्बर हा शब्द अर्ध्या मिनिटात उरकतो. इथे त्यासाठी दोरी ताणून मापे घेतली जातात, आणि काही मिलिमीटरच्या फरकावरून फोरमन व निरीक्षक यांच्यात वाद होऊ शकतो. तो वाद उभा राहून ऐकणे हेसुद्धा शिक्षण आहे, आणि फार मोलाचे.

स्थापत्यच्या विद्यार्थ्यासाठी मनमाड परिसर सध्या कामांनी विशेष भरलेला आहे. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे १८,०३६ कोटी रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव–मनमाड चौथ्या मार्गालाही. मार्ग म्हटला की मोजणी, माती-परीक्षण, भराव, लहान मोऱ्या ही कामे आलीच. लेव्हलिंगची स्टाफ उन्हात धरून उभे राहणे हे हलके काम वाटते, पण मोजणीची सवय तिथेच लागते. पाण्याचा प्रश्न तर या गावाने पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. वागदर्डी धरणाचे पाणी पुरत नाही म्हणून करंजवण धरणातून मनमाडसाठी पाइपलाइनची योजना आखण्यात आली. लांब जलवाहिनीत घर्षणाने दाब किती घटतो, हवा काढणारे व्हॉल्व्ह उंचवट्यांवरच का बसवतात, पंप एकदम बंद पडला तर पाइपला दणका का बसतो, हे प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला घरच्या नळाशी जोडून समजतात. त्याच्याइतका सरस विद्यार्थी या विषयाला मिळणार नाही.

मनमाडजवळच्या पानेवाडीचे तेल डेपो इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांना खुणावतात. मात्र सुरक्षेमुळे तिथे प्रवेश मर्यादित असतो. संगणक शाखेच्या मुलांना बाजार समितीतला कांद्याचा लिलाव, त्याच्या नोंदी आणि हिशेब हा अभ्यासाला उत्तम विषय आहे. मोठा उद्योग हवा तर नाशिककडच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती आहेत. मनमाडहून नाशिकला रेल्वेने रोज ये-जा करणारे अनेक आहेत, त्यामुळे खोलीभाडे वाचते.

लवकर जाण्याविरुद्धचा एक आक्षेप खरा आहे: पहिल्या वर्षाच्या मुलाला काही येत नाही, मग कारखाना त्याला का घेईल? अनेकदा घेणारही नाही. त्यामुळे पहिल्या सुट्टीत महाविद्यालयाचे वर्कशॉप, गावातले लेथचे दुकान, मोटार रिवाइंडिंगचे दुकान किंवा ओळखीच्या कंत्राटदाराचे बांधकाम पुरे. ज्याच्या केटी, म्हणजे नापास झालेले विषय, राहिल्या आहेत त्याने आधी त्या सोडवाव्यात. ज्याच्या घरी शेती आहे आणि सुट्टीत हाताला हात हवा आहे, त्याच्यावर इंटर्नशिपची सक्ती करणे अन्याय आहे. ठिबकचा संच, विहिरीचा पंप, त्याचा स्टार्टर आणि वीजबिल यांचा नीट अभ्यास करून लिहिलेला अहवाल महाविद्यालयांनी मान्य करायला हवा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पैसे भरून घरबसल्या मिळणारी प्रमाणपत्रे आता सर्रास विकली जातात. त्यातून क्रेडिट मिळतात, कौशल्य मिळत नाही, आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते. शिकवण्यासाठी विद्यार्थ्याकडून पैसे मागणारी जागा टाळलेलीच बरी. उलट टोकाला, प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन महिने फक्त माल मोजायला लावणाऱ्या जागाही असतात. पहिल्या आठवड्यात कोण काय शिकवणार हे ठरले नाही, तर महाविद्यालयाच्या समन्वयकाला कळवावे.

सरकारी योजनांबाबत गैरसमज बराच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली ती २१ ते २४ वर्षांच्या, पूर्णवेळ शिक्षणात नसलेल्या तरुणांसाठी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची पदवीधर व तंत्रज्ञ अप्रेंटिसशिप प्रामुख्याने शिक्षण संपल्यानंतरची. शिकत असलेल्या विद्यार्थ्यासाठी तंत्रशिक्षण परिषदेचे इंटर्नशिप पोर्टल आणि महाविद्यालयाचे पत्र हेच नेहमीचे मार्ग.

अर्ज सुट्टी लागण्याच्या दोन-तीन महिने आधी करावा लागतो. परीक्षा मे-जूनपर्यंत लांबतात, मधला अवकाश थोडा असतो आणि मोठ्या आस्थापनांत परवानगी, गेटपास यांना वेळ लागतो. सोबत बोनाफाईड, महाविद्यालयाची एनओसी आणि ओळखपत्र; सेफ्टी शूज व हेल्मेट कोण देणार हे आधीच विचारून घ्यावे. कामाची वही रोज लिहावी: कोणते यंत्र, कोणते माप, काय बिघडले, ते कोणी आणि कसे दुरुस्त केले. शक्य तिथे हाताने काढलेली आकृती असावी, आणि आठवड्यातून एकदा फोरमन किंवा सुपरवायझरची सही घ्यावी.